‘माय फेअर लेडी’ आणि माझ्या आजीचा ‘य’

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये महिन्यातून एकदा प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवतात. कुठला दाखवायचा ते हात वर करून ठरतं, आणि ज्या मुलीने सुचवलेला पिक्चर बोअर निघेल तिने सगळ्यांना कॅन्टीनचा चहा पाजायचा, अशी आमची अलिखित घटना आहे. गेल्या सेमिस्टरला मी ‘माय फेअर लेडी’ सुचवला. १९६४ सालचा, जवळजवळ तीन तासांचा, त्यात इंग्रजी आणि त्यातही सारखी गाणी! चहाचे पैसे मी आधीच बाजूला काढून ठेवले होते.

पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांचे मोबाईल चमकत होते. मग ती फुलं विकणारी इलायझा प्रोफेसर हिगिन्सच्या दारात येऊन उभी राहिली, फी विचारायला लागली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, ही तर स्पोकन इंग्लिशच्या क्लासला आली!” त्यानंतर मोबाईल बंद झाले. रात्री तीन वाजता, आठवडेच्या आठवडे घोकंपट्टी करून थकलेल्या त्या मुलीच्या तोंडून स्पेनच्या पावसाचं ते वाक्य पहिल्यांदा बरोबर निघतं, तिथे आमच्या कॉमन रूममध्ये टाळ्या पडल्या. वॉर्डन मॅडम दिवे बंद करायला आल्या होत्या, त्या तिथेच पायरीवर बसल्या त्या शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी मेसच्या रांगेत दोन मेकॅनिकलच्या मुली तीच चाल गुणगुणत होत्या. चहाचे पैसे वाचले.

साठ वर्षं उलटून गेलेला, आपला नाही, आपल्या भाषेत नाही, आपल्या काळातला नाही, असा हा पिक्चर आपल्याला का धरून ठेवतो? जाणकार लोक कपडे, सेट, गाणी असं सांगतात. ते सगळं आहेच. पण मला वाटतं खरं कारण वेगळं आहे. आपण सगळे हॉस्टेलवाले इलायझाच्या कोर्सला ॲडमिशन घेतलेले विद्यार्थी आहोत, आणि त्या कोर्समध्ये काय गमवावं लागतं ते हा पिक्चर हसत हसत सांगून जातो. हे मी माझ्या गावाच्या उदाहरणाने आणि थोड्या आपल्या अभ्यासक्रमातल्या सिग्नल प्रोसेसिंगने सांगायचा प्रयत्न करते. माझं मराठी लेखन कच्चं आहे (का ते पुढे येईलच), तेव्हा सांभाळून घ्या.

आधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये रात्री नाटक सुटल्यावर फुलं विकणारी इलायझा डूलिटल. तिची बोली कॉकनी, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतली. ‘ह’ खाऊन टाकायचा आणि ‘ए’चा ‘आय’ करायचा. ध्वनिशास्त्राचा प्रोफेसर हेन्री हिगिन्स खांबाआड उभा राहून तिचं बोलणं टिपून घेतो आणि कर्नल पिकरिंगला सांगतो, की सहा महिन्यांत हिला वकिलातीतल्या नाचाच्या कार्यक्रमात उच्चकुलीन बाई म्हणून उभी करीन. पैज लागते. मुलगी शिकते. पैज जिंकली जाते. आणि मग खरी गोष्ट सुरू होते.

गोष्ट जुनी आहे. स्वतःच कोरलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडणाऱ्या पिग्मॅलियनची कथा रोमन कवी ओव्हिडने सांगितली. जॉर्ज बर्नार्ड शॉने १९१२ मध्ये त्याच नावाचं नाटक लिहिलं. गंमत म्हणजे इंग्रजी उच्चारांवरचं हे नाटक रंगमंचावर आधी आलं ते जर्मन भाषेत, व्हिएन्नामध्ये, १९१३ साली! लंडनला ते १९१४ मध्ये झालं. १९३८ मध्ये त्याचा साधा, गाण्यांशिवायचा चित्रपट झाला आणि पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं (नोबेल त्याला आधीच, १९२५ सालचं, मिळालेलं होतं). १९५६ मध्ये लर्नर आणि लोव या जोडीने त्याचं संगीत नाटक केलं, ते न्यूयॉर्कला २७१७ प्रयोग चाललं. त्यावरून १९६४ मध्ये जॉर्ज क्यूकर यांनी आपला हा पिक्चर केला. रेक्स हॅरिसन प्रोफेसर, ऑड्री हेपबर्न इलायझा. एकूण आठ ऑस्कर. इतिहास इथे संपला, परीक्षेला येणार नाही.

आता माझं सांगते. मी पिंपळगाव राजाची. बुलढाणा जिल्हा, खामगाव तालुका. कापूस, सोयाबीन, एस.टी. आणि उन्हाळा. आमच्या वऱ्हाडात कुठल्याही इंग्रजी मीडियमच्या शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, मग तिथे एकही नन नसेना का! पण माझी शाळा खरोखरची कॉन्व्हेंट होती. नाव लिहीत नाही. सकाळी साडेसहाला व्हॅन यायची आणि पंधरा पोरं तिच्यात कोंबली जायची. गावची शीव ओलांडेपर्यंत आम्ही वऱ्हाडीत भांडायचो. शाळेच्या गेटात इंग्रजी सुरू. वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला तर एक रुपया दंड होता. मराठी हा विषय होता, पण त्या तासाच्या बाई आम्हाला वऱ्हाडी बोलू द्यायच्या नाहीत. म्हणजे एका दंडातून सुटलं की दुसरा. ‘मले’ नाही, ‘मला’. ‘काहून’ नाही, ‘का’. ‘जाऊन राहिली’ नाही, ‘जाते आहे’. ‘पानी’ नाही, ‘पाणी’.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे ‘ळ’. आमच्याकडे खेड्यातली जुनी माणसं ‘ळ’च्या जागी ‘य’ बोलतात. डोळा नाही, डोया. शाळा नाही, शाया. केळी नाही, केयी. माझी आजी आमच्या गावाला पिंपळगाव म्हणत नाही, पिंपयगाव म्हणते. सातवीत एकदा बाईंनी “तुझं गाव कोणतं?” विचारलं आणि मी ‘पिंपयगाव’ म्हटलं. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी आरशासमोर जीभ मागे वळवून ‘ळ ळ ळ’ करायला लागले. इलायझाने तोंडात गोट्या धरून कविता म्हटल्या आणि एक गिळली, तसं काही मी केलं नाही, पण फार मागेही नव्हते. आज मला ‘ळ’ उत्तम येतो. आता इथे थर्ड इयरला प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्ये सर सांगतात की माझ्या इंग्रजीत ‘एम.टी.आय.’ आहे, मदर टंग इन्फ्लुअन्स, तो काढावा लागेल. मी मनात म्हणते, सर, नेमक्या कोणत्या मदर टंगचा?

हिगिन्सचं पाहिलं तर तो वाईट माणूस नाही. तो सगळ्यांशीच सारखा उद्धट वागतो. मला त्याची प्रयोगशाळाच फार आवडते. त्यात एक उपकरण आहे. एका नळीत ‘ह’ म्हणायचा. बरोबर म्हटला तर समोरची ज्योत हलते, गाळला तर स्थिर राहते. ज्योतीपुढे आरशांचा एक ढोल फिरत असतो. प्रत्यक्षात हे पॅरिसच्या रुडॉल्फ कोनिग यांचं एकोणिसाव्या शतकातलं उपकरण. आवाजाने पातळ पडदा थरथरतो, त्याने गॅसचा दाब बदलतो आणि ज्योत वरखाली होते. डोळ्याला ते इतक्या वेगात दिसत नाही, म्हणून फिरता आरसा ती ज्योत आडवी पसरवून दाखवतो. थांबा, हे कुठे तरी पाहिलंय ना? आपल्या सी.आर.ओ.चा टाइम बेस! इलेक्ट्रॉन नव्हते तेव्हा लोकांनी आरसा फिरवून आवाजाची वेव्हफॉर्म पाहिली. आणि शॉच्या नाटकात हिगिन्स ज्या लिपीत उच्चार टिपतो, ती ‘व्हिजिबल स्पीच’, तिचा जनक अलेक्झांडर मेलव्हिल बेल. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलचे वडील. तेव्हा ई.एक्स.टी.सी.वाल्यांनो, हा पिक्चर आपल्याच ब्रँचचा आहे.

उच्चार म्हणजे नक्की काय, ते बादलीवरून समजतं. नळाखाली बादली भरायला लावा आणि डोळे मिटून ऐका. पाणी चढतं तसा आवाज बारीक होत जातो, कारण वरची हवेची पोकळी लहान होत जाते. आपलं तोंड तीच बादली. घशातले स्वरतंतू एक साधी गुणगुण तयार करतात, आणि जीभ, ओठ, जबडा मिळून पोकळीचा आकार बदलतात. त्या आकाराप्रमाणे काही फ्रिक्वेन्सी उचलल्या जातात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. पहिला फॉर्मंट साधारणपणे तोंड किती उघडं आहे ते सांगतो, दुसरा जीभ पुढे आहे की मागे ते. म्हणजे स्वरतंतू हा सोर्स आणि तोंड हा फिल्टर. कर्नल पिकरिंगला अभिमान असतो की आपल्याला चोवीस स्वर वेगळे बोलता येतात. हिगिन्स एकशे तीस बोलून दाखवतो. म्हणजे फिल्टरच्या एकशे तीस सेटिंग्ज!

मिनी प्रोजेक्टसाठी मी हाच विषय घेतला. प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं, जगभरचे भाषातज्ज्ञ वापरतात. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला माईकसमोर बसवून ‘पिंपयगाव’ म्हणायला लावलं, मग मी ‘पिंपळगाव’ म्हटलं. स्पेक्ट्रोग्राम काढला. आजीच्या ‘य’ला जीभ टाळूकडे चढते, त्यामुळे दुसरा फॉर्मंट कमानीसारखा वर जाऊन खाली येतो. एकदम सुंदर कमान. माझ्या ‘ळ’ला जिभेचं टोक मागे वळून आपटतं, तिथे पट्टा क्षणभर फिका पडतो आणि तिसरा फॉर्मंट खाली झुकतो. दोन्ही चित्रं मी तासभर पाहत बसले. शुद्ध कुठे आणि अशुद्ध कुठे ते मला त्यात सापडेना. मशीनला तो फरक कळतच नाही. तो बाईंना कळायचा, वर्गाला कळायचा, आणि सातवीपासून मलाही.

शॉला हे नेमकं कळलं होतं. इलायझाच्या तोंडचा ‘आय’ हा कानाला वाईट म्हणून वाईट ठरत नाही. तो गरिबांच्या तोंडी असतो म्हणून वाईट ठरतो. तिच्या बोलीमुळे तिला फुलांच्या दुकानात नोकरी मिळत नाही, ती रस्त्यावरच विकते. म्हणून तर ती स्वतःच्या पायांनी प्रोफेसरकडे जाते आणि स्वतःचे पैसे देऊ करते! हे आपण विसरतो. तिला कुणी ओढून आणलेलं नाही. मलाही कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाबांनी कापूस विकून घातलं, आणि ते चुकलं असं मी म्हणणार नाही. मला ‘ळ’ आला, इंग्रजी आलं, म्हणून मी या कॉलेजात आहे.

आजीचं रेकॉर्डिंग झालं त्याच रात्री मी तिला लॅपटॉपवर पिक्चर दाखवला. माझी आजी चौथी शिकलेली. इंग्रजी एक अक्षर येत नाही. मी मध्ये मध्ये सांगत होते, पण थोड्या वेळाने तिनेच मला गप्प केलं, “तू चूप बस व, मले समजून राहिलं.” आणि खरोखर समजत होतं. इलायझाला आंघोळीला ओढून नेतात तिथे ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इलायझाचा बाप आल्फ्रेड डूलिटल, तो दारुडा, गोडबोल्या माणूस, तिला फार आवडला. म्हणे भारुडातला वाटते.

ॲस्कटच्या घोड्यांच्या शर्यतीचा प्रसंग आला. काळ्या-पांढऱ्या झगझगीत कपड्यांतली ती बडी माणसं एका जागी ताठ उभी राहून गातात, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. सेसिल बीटन यांच्या ज्या कपड्यांचं जगभर कौतुक झालं, त्यांच्याबद्दल आजी म्हणाली, “हे बुजगावने कायले उभे केले?” या प्रसंगाबद्दल मला एक सांगायचंच आहे, कारण ग्रुप डिस्कशनला बसणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा. इलायझाचे उच्चार तोवर लखलखीत झालेले आहेत. पण बोलायचं काय, हे कुणी शिकवलेलंच नाही. म्हणून ती राजघराण्याच्या उच्चारात आपल्या गल्लीतली हकिगत सांगते, की माझ्या मावशीला तिच्या टोपीसाठी घरच्यांनीच मारून टाकलं असणार. आणि लोकांना ती नवी फॅशन वाटते! उच्चार बरोबर असला की माणसं मजकूर ऐकतच नाहीत. आमच्या मॉक जी.डी.मध्ये मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे, कधी कधी केलंही आहे.

मग वकिलातीतला नाच. तिथे हिगिन्सचाच एक जुना शिष्य, झोल्टान कारपाथी, इलायझाची परीक्षा घेतो आणि निकाल देतो की ही बाई इंग्रज असूच शकत नाही, ही हंगेरीची राजकन्या आहे. का? तर तिचं इंग्रजी फारच शुद्ध आहे, अस्सल इंग्रज इतकं शुद्ध बोलत नाही! सगळे हसतात. मीही पहिल्यांदा हसले होते. पण त्याच दिवशी सकाळी आठवडी बाजारात भाजीवाल्या काकूंना मी “काकू, मेथीची जुडी कशी दिली?” असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही पुन्याच्या पाहुन्या काय?” या काकूंच्या पाटीतले बोरं खात मी लहानाची मोठी झाले. आजीच्या शेजारी बसून कारपाथीचा प्रसंग पाहताना मला काही हसू आलं नाही.

नाचाहून परत आल्यावर दोघे पुरुष एकमेकांचं अभिनंदन करत गाणं म्हणतात. मुलगी कोपऱ्यात उभी असते, तिच्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. आजीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि म्हणाली, “आता हे पोरगी जाईन कुठी?”

माझ्या अंगावर काटा आला. कारण पिक्चरमध्ये हाच प्रश्न आधी दोनदा येऊन गेलेला आहे, आणि दोन्ही वेळा बाईने विचारलेला आहे. अगदी सुरुवातीला घर सांभाळणाऱ्या मिसेस पिअर्स विचारतात, की तुमचं शिकवणं संपल्यावर या मुलीचं काय? नंतर हिगिन्सची आई तेच विचारते. एकशे तीस स्वर ओळखणाऱ्या प्रोफेसरला मात्र हा प्रश्न ऐकूच येत नाही. पिंपळगाव राजाच्या माझ्या आजीला इंग्रजी न येता तो ऐकू आला.

यानंतर इलायझा पहाटे कॉव्हेंट गार्डनमध्ये जाते. तीच शेकोटी, तीच माणसं. जुन्या सोबत्यांपैकी कुणी तिला ओळखत नाही, बाईसाहेब म्हणून अदबीने बोलतात. प्रसंग दोन-तीन मिनिटांचा आहे, कुठेही रडारड नाही. माझ्या मते सबंध पिक्चर या प्रसंगावर उभा आहे. नवीन घर अजून आपलं झालेलं नाही, आणि जुन्या घराने आपल्याला ‘मॅडम’ म्हटलं.

या पिक्चरच्या पडद्यामागची एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते, आणि ती आवाजाचीच आहे. त्या काळी संगीतपटात गाणी आधी रेकॉर्ड करायची आणि शूटिंगच्या वेळी नुसते ओठ हलवायचे, अशी पद्धत होती. रेक्स हॅरिसनला ते जमेना. तो गाणी गात नसे, बोलल्यासारखी म्हणत असे, आणि दोनदा एकसारखी कधीच म्हणत नसे. मग वॉर्नर ब्रदर्सच्या साउंड विभागाने त्याच्या टायमध्ये छोटा वायरलेस मायक्रोफोन लपवला आणि त्याची गाणी सेटवर प्रत्यक्ष रेकॉर्ड केली. सिनेमात वायरलेस माईक वापरण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. साउंड विभागाचे प्रमुख जॉर्ज ग्रोव्ह्‌ज यांना त्या वर्षीचं ध्वनीचं ऑस्कर मिळालं.

ऑड्री हेपबर्नच्या वाट्याला याच्या उलट आलं. तिने गाण्यांची मेहनत केली, रेकॉर्डिंगही केलं. पण निर्मात्यांना तो आवाज पुरेसा वाटला नाही आणि बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजात घातली गेली. निक्सनबाईंनी याआधी ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करला आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नटाली वूडला आवाज दिला होता. पडद्यावर नाव मात्र नाही. आपल्याकडे याचं नवल वाटत नाही, आपल्याकडे तर प्लेबॅक सिंगर नटीइतकीच मोठी असते आणि गाणं तिच्या नावाने ओळखतात. तिकडे हा गवगवा झाला. रंगमंचावर इलायझा गाजवलेल्या ज्यूली अँड्र्यूजला पिक्चरमध्ये घेतलं नव्हतं, तिला त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’साठी ऑस्कर मिळालं, आणि हेपबर्नला नामांकनसुद्धा नाही.

आता हे दोन्ही एकत्र ठेवून पाहा. पिक्चर आहे एका मुलीच्या आवाजाचा. त्यात प्रोफेसरचा आवाज जिवंत, त्याचा स्वतःचा, टायमधल्या माईकमधून थेट. आणि मुलीचा आवाज तिचा नाहीच! तिला सुधारून, दुरुस्त करून, दुसरीचा बसवला आहे. शॉ तेव्हा हयात असता (१९५० मध्ये वारला) तर यावर त्याने आणखी एक नाटक लिहिलं असतं. हेपबर्नचा खरा आवाज काही जागी शिल्लक आहे. प्रोफेसरवर चिडून ती एकटीच त्याला मनातल्या मनात शिक्षा देते, त्या गाण्यात तो बराचसा ऐकू येतो. तो जरा खरखरीत आहे, श्वास कमी पडतो. आणि सगळ्या पिक्चरभर राग एवढा खरा वाटतो तो फक्त तिथे.

आपल्या मराठीत हे सगळं आधीच येऊन गेलेलं आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं, कॉन्व्हेंटचा प्रसाद! पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या नाटकावरून ‘ती फुलराणी’ केलं, १९७५ साली, इंडियन नॅशनल थिएटरसाठी, दिग्दर्शनही त्यांचंच. भक्ती बर्वे मंजुळा आणि सतीश दुभाषी प्रोफेसर. भक्ती बर्वे २००१ मध्ये अपघातात गेल्या, पण मंजुळेचं ते चिडलेलं स्वगत आजही गॅदरिंगला एक तरी मुलगी म्हणतेच. आपल्या गेल्या गॅदरिंगला तिघी होत्या. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनी मंजुळा केली. गुजरातीत सरिता जोशींचं ‘संतू रंगीली’ होतं, हिंदीत १९८० मध्ये बासु चॅटर्जींचा ‘मनपसंद’ आला, त्यात टीना मुनीम दातण विकते. २०२३ मध्ये ‘फुलराणी’ नावाचा मराठी चित्रपटही आला. एका लंडनच्या गोष्टीला आपल्याकडे इतकी घरं मिळाली, कारण उच्चारावरून माणूस जोखायची सवय आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. इंग्रजांचा ‘ह’, आपला ‘ण’ आणि ‘ळ’.

एवढं मात्र खटकतं, की मंजुळा गाजली आणि तिचं स्वगत म्हणणाऱ्या मुली त्या पाच मिनिटांपुरत्या गावठी होतात, टाळ्या घेतात आणि विंगेत जाऊन परत शुद्ध बोलतात. वऱ्हाडी ही काही हसवायची बोली नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने व्यवस्थित नोंदवलेले आहेत, आणि तेव्हा शॉची इलायझा कागदावरही आली नव्हती. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) माणसं वऱ्हाडीत जगतात आणि मरतात, वाचताना हसू येत नाही. आमच्या खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांची ‘मेड इन इंडिया’ वऱ्हाडीतच आहे. लायब्ररीत दोन्ही आहेत. ‘धग’च्या कार्डावर माझ्याआधी तीनच तारखा होत्या.

शेवटाबद्दल मैत्रिणींत भांडण झालं, ते सांगते. पिक्चरच्या शेवटी इलायझा परत येते. प्रोफेसर एकटा बसून तिच्या जुन्या बोलीचं रेकॉर्डिंग ऐकत असतो, ती मागून येते, आणि हा शहाणा आनंद लपवायला टोपी डोळ्यांवर ओढतो नि सपाता कुठे आहेत म्हणून विचारतो. निम्म्या कॉमन रूमला हे रोमँटिक वाटलं, निम्मी ओरडली. शॉला हा शेवट मुळीच मान्य नव्हता. त्याच्या नाटकात ती जाते, आणि पुढे १९१६ मध्ये त्याने खास उपसंहार लिहून सांगितलं की ती फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचं दुकान टाकते. १९३८च्या चित्रपटाने तिला परत आणलं आणि संगीतिकेने तेच उचललं. मला व्यक्तिशः दुकान पटतं. पण ते रेकॉर्डिंग ऐकणं सोडवत नाही. ज्या आवाजाची त्याने सहा महिने टर उडवली, तोच जपून ठेवलेला, तोच लावून बसलेला.

सुट्टी संपून हॉस्टेलला निघायच्या आदल्या रात्री मी प्रोजेक्टसाठी आणखी एक रेकॉर्डिंग केलं. मीच ‘पिंपयगाव’ म्हणून पाहिलं, आजीसारखं. आठ-दहा वेळा म्हटलं. ग्राफवर दुसरा फॉर्मंट वर चढला, कमानही आली. आकडे जवळपास जुळले, गाइड सरांना दाखवण्याजोगे. मग आजीला हेडफोन लावून तिन्ही फाइल ओळीने ऐकवल्या. पहिल्या फाइलला ती लाजून हसली, म्हणे मी अशी बोलतो काय! दुसरीला म्हणाली, “हे तू.” तिसरी मी दोनदा लावली. तिने हेडफोन कानावर दाबून धरला, जरा वेळ ऐकलं आणि मला विचारलं,

“हे कोन व?”